बिनसहीचा शांतिमणी

“या टेबलापाशी दोन जीव बसतात!” मौनगुरू गरजले.

छापखान्याच्या मोठ्या दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. कामगार, कारकून, त्यांचे नवरे-बायका, समोरच्या दुकानांतली रिकामटेकडी मंडळी, सगळे सोमवारच्या सभेला लोटले होते. पांढऱ्या झग्यातल्या मौनगुरूंनी एका कॉम्प्युटरच्या डोक्यावर तळहात टेकवला होता आणि डोळे मिटून तोंड छताकडे केलं होतं. कॉम्प्युटरच्या पाठीला खोचलेला शांतिमणी निळा निळा लुकलुकत होता.

“यंत्र मला सांगतंय,” गुरू म्हणाले, “एक जीव तुम्हाला दिसतो. दुसरा अजून वाटेत आहे. चिमुकला आहे. आईला ठाऊक आहे, पण आई बोलत नाही!”

सगळ्यांच्या माना त्या टेबलावर काम करणाऱ्या मुलीकडे वळल्या. औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवतात ती माहितीपत्रकं हा छापखाना छापायचा, आणि त्यांची पानं ती जुळवायची, म्हणून सगळे तिला मांडणीवाली म्हणत. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मग तिने मान खाली घातली आणि सगळ्यांना उत्तर मिळालं. टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेत मालकांनी डोळे पुसले.

टाळी वाजवली नाही ती एकट्या बारीकबाईंनी.

बारीकबाई अंगाने मुळीच बारीक नव्हत्या. बारीक होती ती अक्षरं, जी त्या इतकी वर्षं वाचत आल्या होत्या. औषधाच्या खोक्यातलं पत्रक विकणारा वाचत नाही, घेणारा वाचत नाही, आणि लिहिणाऱ्यालाही ते पुन्हा वाचायचा धीर होत नाही. बारीकबाई वाचत. त्या छापखान्याच्या मुख्य मुद्रितशोधक होत्या, आणि त्यांची सही पडल्याशिवाय एकही पत्रक मशीनवर चढत नसे. सवयच अशी जडली होती की साबणाचं वेष्टनसुद्धा त्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचून मगच फेकत.

मौनगुरूंना मौनगुरू का म्हणतात हे मात्र त्यांनी कुठेच वाचलेलं नव्हतं. त्या माणसाच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की विजेचं बटण बंद करूनही थांबला नसता. मालकांना तो एका व्यापारी मेळाव्यात भेटला. छापखान्यातले कॉम्प्युटर जुने होते आणि वरचेवर अडायचे. गुरूंनी लगेच निदान केलं: “तुमची यंत्रं अशांत आहेत. सारखे प्रश्न विचारतात. हे आत घेऊ का? ते आत घेऊ का? तुमची खात्री आहे का? अहो, प्रश्न पडणं हाच तर रोग! त्यांना मौन द्या.”

मालकांना हे फार पटलं. त्यांनाही प्रश्न विचारणारी माणसं आवडत नसत. त्यांनी कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या माणसाला बोलावलं. गळ्यात कायम वायरीचं वेटोळं असल्यामुळे त्याचं नाव केबल पडलं होतं.

“सगळ्या यंत्रांचे प्रश्न बंद करून टाक,” मालक म्हणाले.

“अहो मालक, ते प्रश्न उगीच नसतात. नवीन काही आत शिरायला लागलं की...”

“तुलाही मौन देऊ का?”

केबलने प्रश्न बंद केले. मग सर्व मंडळींना बाहेरच्या व्हरांड्यात डोळे मिटून बसवलं गेलं, आणि गुरूंचा शिष्य आत जाऊन एकेका कॉम्प्युटरला एकेक शांतिमणी खोचून आला. त्या दिवसापासून यंत्रं गुरूंशी बोलू लागली. कोण घर बदलणार, कोणाचं लग्न मोडलं, कोणाला मूळव्याध, सगळं गुरू सोमवारी हात टेकवून सांगत. कॉम्प्युटर अडायचे ते अडतच होते. आता ते ध्यानाला बसलेत असं म्हणायचं एवढाच फरक.

बारीकबाई त्या मौनाच्या दिवशी दाढ काढायला गेल्या होत्या आणि त्यांची खोली कुलूपबंद होती. त्यामुळे त्यांच्या कॉम्प्युटरपर्यंत ना केबल पोचला, ना शिष्य. दुसऱ्या दिवशी शिष्य मणी घेऊन खोलीत आला. मणी खोचला, तो निळा लुकलुकला, आणि पडद्यावर एक चौकट उघडली.

“‘हो’ दाबा आणि डोळे मिटा, बाई,” शिष्य म्हणाला. बाईंना नीट कळावं म्हणून त्याने स्वतःच हात जोडून डोळे मिटून दाखवले.

बाईंनी चष्मा सरसावून चौकट शेवटपर्यंत वाचली. या उपकरणाच्या ड्रायव्हरवर कोणाचीही सही नाही, तो कोणी बनवला हे सांगता येत नाही, तरी आत घ्यायचा का, असं तिथे विचारलं होतं. ज्या बाईने उभ्या आयुष्यात बिनसहीचा कागद पुढे जाऊ दिला नव्हता तिने काय करावं? तिने ‘नाही’ दाबलं. शिष्याने डोळे उघडले, मणी लुकलुकताना पाहिला आणि कार्य सिद्धीस गेलं असं समजून तो निघून गेला.

तेव्हापासून सगळ्या छापखान्यात एकट्या बारीकबाईंचं मन गुरूंना वाचता येईना. “अहंकाराचा जाड पडदा!” असं ते भरसभेत म्हणायचे, आणि लोक बाईंकडे कीव आल्यासारखं बघायचे. बाई तेव्हा हसून सोडून देत. टाळ्या वाजल्या त्या सोमवारी मात्र त्यांना हसू आलं नाही, कारण टाळ्या थांबल्यावर गुरूंनी मालकांच्या कानाला लागून सांगितलं, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं, की एका यंत्राला दोन जीवांचा भार सोसत नाही. पुढच्या सोमवारी त्या मुलीला निरोप द्यायचा आणि तोवर तिने घरीच बसायचं, असं मालकांनी उभ्या उभ्या ठरवून टाकलं.

मांडणीवाली बाईंच्या खोलीत येऊन ढसाढसा रडली. “नवऱ्याचं शिक्षण अजून चाललंय, बाई. घरात मिळवती मीच. ही नोकरी गेली तर आम्ही करायचं काय? आणि बाई, मी अजून आईलासुद्धा सांगितलं नव्हतं हो. रविवारी जाऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवून सांगणार होते. आता तिला गल्लीतून कळेल.”

“कोणाकोणाला सांगितलं होतंस?”

“फक्त बहिणीला. दुपारच्या सुट्टीत लिहिलं.”

“कशावर लिहिलंस?”

“माझ्या टेबलावरच्याच कॉम्प्युटरवर. पाठवलंही नव्हतं, बाई. अर्धं लिहिलं आणि लाज वाटली म्हणून पुसून टाकलं.”

बारीकबाईंचं डोकं तापलं. कोणाची तरी नोकरी जाते म्हणून तापलंच, पण एका लेकीने आईसाठी जपून ठेवलेली गोष्ट कोणीतरी उचलली आणि तमाशात उधळली, याचा त्यांना जास्त राग आला. त्या तडक केबलकडे गेल्या.

“ड्रायव्हर म्हणजे काय ते मला सोप्या भाषेत सांग.”

“दुभाष्या, बाई,” केबल इकडेतिकडे बघत म्हणाला. “कीबोर्ड असो, प्रिंटर असो, त्याचं बोलणं कॉम्प्युटरला समजावून सांगणारा. त्याला अगदी आतल्या खोलीत प्रवेश असतो. म्हणून कॉम्प्युटर आधी सही बघतो, की हा कोणाचा माणूस.”

“आणि दुभाष्याच चोर निघाला तर?”

“तर तुम्ही दाबलेलं प्रत्येक बटण आधी त्याच्या कानावर पडणार. तो ते गुपचूप कोणालाही कळवू शकतो. मला पहिल्या दिवसापासून शंका आहे. पण मालकांना कॉम्प्युटरचं काही सांगायला लागलं की त्यांना झोप येते.”

“झोप येणार नाही असं काहीतरी करू या मग,” बाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी घरी सासूबाईंपुढे विषय काढला. सासूबाईंची तब्येत ठणठणीत होती, जिभेची तर विचारूच नका.

“आई, मला तुम्हाला या आठवड्यात मारायचंय.”

“इतकी वर्षं वाट बघितलीस, आता घाई कसली?” सासूबाई म्हणाल्या. पण सगळी हकिकत ऐकल्यावर त्यांना इतका उत्साह चढला की त्या उठूनच बसल्या. “लिही, खुशाल लिही. पण खोकल्याबिकल्याने नको हं मारूस. काहीतरी भारदस्त लिही. आणि मी सुंदर दिसत होते असं शेवटी येऊ दे.”

दुसऱ्या दिवशी बारीकबाईंनी आपला कॉम्प्युटर बिघडल्याचं जाहीर केलं आणि मांडणीवालीच्या रिकाम्या टेबलावर जाऊन बसल्या. तिथे त्यांनी लिहिलं, “माझ्या सासूबाई गेल्या. मी कोणालाच कळवलेलं नाही. आमचं शेवटपर्यंत पटलं नाही याचं वाईट वाटतं. जाताना पेटीची किल्ली कुठे ठेवली तेही त्यांनी सांगितलं नाही. शेवटी फार सुंदर दिसत होत्या.” एवढं लिहून खाली आपलं नाव घातलं आणि सगळं पुसून टाकलं. नंतर आपल्या खोलीत जाऊन दार लावलं आणि मणी नाकारलेल्या आपल्या कॉम्प्युटरवर लिहिलं, “मी नोकरी सोडून सर्कशीत जाणार आहे, वाघांच्या विभागात.” तेही पुसलं. साक्षीदार असावा म्हणून केबलला दोन्ही मजकूर तोंडी सांगून ठेवले.

सोमवार उजाडला. दालन पुन्हा खच्चून भरलं. मांडणीवाली निरोप घ्यायला नवऱ्याबरोबर येऊन कोपऱ्यात उभी होती. मधल्या रांगेत एक म्हातारी डोक्यावरून शाल घेऊन बसली होती.

मौनगुरूंनी मांडणीवालीच्या कॉम्प्युटरवर हात ठेवला आणि थरथरले.

“आज पडदा फाटला!” ते ओरडले. “बारीकबाई, पुढे या. तुमच्या घरातून एक ज्येष्ठ आत्मा नुकताच गेला. तुम्ही जगापासून लपवलंत, यंत्रापासून कसं लपेल? तुमच्या सासूबाई माझ्याशी बोलताहेत!”

दालनात कुजबुज झाली. मालकांनी छातीवर हात ठेवला.

“काय म्हणतात?” बाईंनी अगदी गरीब आवाजात विचारलं.

“मुखावर तेज आहे. सुंदर दिसताहेत. डोळ्यांत पाणी आहे. म्हणताहेत, सूनबाई, मी तुला फार छळलं. चूक माझीच होती. मला क्षमा कर!”

“अरे ए, गप्प बैस!” मधल्या रांगेतून आवाज आला. शाल बाजूला पडली आणि सासूबाई उभ्या राहिल्या. “मी आणि हिची क्षमा मागणार? मी मेले तरी मागणार नाही!”



“मी हिची सासू. जिवंत आहे. चिमटा काढून बघायचा तर बघा, पण मी उलटा काढीन. आणि काय रे, पेटीची किल्ली कुठे आहे ते नाही का सांगितलं मी तुला?”

“पलंगाखाली...” गुरूंच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

“माझ्याकडे पेटीच नाही!” सासूबाई म्हणाल्या, आणि असा हशा पिकला की मागच्या रांगेतला एकजण खुर्चीवरून घसरला. गुरूंचं तोंड उघडं राहिलं, पण त्यातून शब्द फुटेना. त्या माणसाने पहिल्यांदाच आपल्या नावाला जागून दाखवलं.

शिष्य एव्हाना दाराकडे सरकत होता. सासूबाईंनी त्याच्यापुढे हात पसरला. “खिशातला फोन दे बघू इकडे.” त्यांच्या आवाजात असं काही होतं की त्याने मुकाट्याने फोन काढून दिला. केबलने तो सगळ्यांना दिसेल असा उंच धरला आणि मालकांना म्हणाला, “तुमच्या कॉम्प्युटरवर काहीही लिहा.”

मालक एका बोटाने लिहायचे. त्यांनी काचेच्या केबिनमध्ये बसून ‘हे खोटं आहे’ असं लिहिलं, आणि फोनवर एकेक अक्षर उमटत गेलं. त्याच्या वरच्या बाजूला मालकांनी सकाळी लिहिलेलं होतं, तेही आपोआप वाचलं गेलं: “टकलावर पुन्हा केस यायला किती महिने लागतात?” मालकांचा हात डोक्याकडे गेला. पण पुढच्या ओळी वाचल्यावर त्यांना लाजेची आठवण राहिली नाही, कारण तिथे औषध कंपन्यांनी विश्वासाने दिलेले, अजून बाजारात न आलेल्या औषधांचे मजकूर होते.

बारीकबाई पुढे आल्या. “गुरूंना माझ्या सासूबाई गेल्याचं कळलं, कारण ते मी मणी लावलेल्या कॉम्प्युटरवर लिहिलं होतं. त्याच दिवशी मी सर्कशीत जाणार असंही लिहिलं, पण माझ्या कॉम्प्युटरवर, जिथे मणी फक्त लुकलुकतो. यंत्राचा आत्मा बोलत असता तर सर्कशीचं आधी बोलला असता. मौन काय होतं तेही ऐका. कॉम्प्युटर विचारत होता की हा पाहुणा बिनसहीचा आहे, आत घेऊ का. आपण त्याचं तोंड बांधलं आणि स्वतः व्हरांड्यात डोळे मिटून बसलो. सही म्हणजे शोभा नव्हे हो. उद्या घात झाला तर कोणाच्या दारात जाऊन जाब विचारायचा, तो पत्ता असतो.”

पोलीस आले आणि गुरू-शिष्यांना घेऊन गेले. केबलने सगळे मणी उपटले, बिनसहीचे दुभाषे हुडकून हाकलले आणि प्रश्न पुन्हा सुरू केले. या वेळी मालक काही बोलले नाहीत.

मग ते कोपऱ्यात मांडणीवालीपाशी गेले. “तू उद्यापासून कामावर ये. त्या भामट्याने सगळ्यांनाच फसवलं बघ. झालं गेलं विसरून जा.”

“येईन मालक, मला काम हवंच आहे,” ती म्हणाली. “माझी आई गेले आठ दिवस माझ्याशी नीट बोललेली नाही. परक्यांच्या तोंडून कळलं म्हणून. भामट्याने माझी गोष्ट चोरली, खरंय. पण टाळ्या तुम्ही वाजवल्यात. एवढ्या मोठ्या दालनात एकाने तरी विचारायचं होतं, की याला हे कळलं कुठून?”

मालकांनी मान खाली घातली. दालनातल्या एकालाही तिच्याकडे बघवेना.