आतल्या अंगाचे तेल

आळसातून किंवा लोभातून उपजलेला दोष कबूल करणे त्या मानाने सोपे. आपल्यातले काय टाकून द्यायचे, हे माणसाला तिथे कळत असते. परंतु निष्ठेने केलेल्या कर्मातूनच दोष निपजला, तर ज्या विद्येने आयुष्यभर अन्न दिले तिच्यावरच बोट ठेवावे लागते. गोरेगावच्या खाजा मियांवर असा प्रसंग दोन हजार तीन सालच्या माघात आला.

मिया बैलगाड्या घडवणारे. ट्रॅक्टर आले, लोखंडी गाडे आले, आणि त्यांचा लाकूड तासायचा वाकस बरीच वर्षे खुंटीला राहिला. अशात हिंगोलीचे अमृतराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते, कागदाची गुंडाळी घेऊन दारी आले. सिद्धेश्वरच्या जलाशयावर पोरांनी शिडाची नाव चालवावी, ही त्यांची जुनी हौस. अकरा फुटांची, दोघांनी उचलून जीपवर टाकावी अशी नाव त्यांनी स्वतः रेखाटली होती. आधी पुठ्ठ्याची केली, घंगाळात तरंगवली, चारदा मोडली, मग कागदावर उतरवली. प्लायवूडच्या फळ्या तांब्याच्या तारेने टाके घालून जोडायच्या आणि सांधे पुण्याहून आणलेल्या इपॉक्सी राळेने भरायचे, अशी ती रीत.

तांड्यावरचा किसनसिंग रोज बघायला यायचा.

"मिया, नाव बांधून राहिले, पर गावात पाणी हाय का?"

"तुझ्या म्हशीला पुरतं तेवढं हाय. तिला पुसून ये, बसती का."

मियांच्या बीबी अजरा चाचींनी शिलाई मशीनवर शीड शिवले. पौष सरता सरता नाव उभी राहिली. निळा रंग चढला. पाच नावा आणखी करायच्या, असे अमृतरावांनी बोलून दाखवले, तेव्हा मियांनी वाकसाला धार लावली. रविवारी नाव पाण्यात उतरायची ठरली. चार गावची माणसे बोलावली गेली.

गुरुवारी दुपारी चाची ज्या पाटावर बसून शिवत, त्याचा पाय निखळला. तो पाट मियांनी नावेच्या उरलेल्या सागाच्या पट्ट्यांचा, त्याच राळेने केला होता. त्यांनी सांधा हातात घेतला. राळेचा पापुद्रा दुधावरच्या सायीसारखा अखंड सुटून आला. खालचे लाकूड तुकतुकीत. त्यांनी ते हुंगले. जवसाचे तेल. त्यावर राळ धरलीच नव्हती.

मियांच्या घराण्याची रीत अशी, की दोन लाकडे एकमेकांना भिडण्याआधी त्यांच्या भिडत्या अंगांना तेल पाजायचे. सांधा मिटला की तिथे पुन्हा हात पोचत नाही, आणि जिथे हात पोचत नाही तिथेच पाणी मुरते. गाडीला त्यांनी हे कधी चुकवले नव्हते. नावेलाही, कोणी न सांगता, मोठ्या श्रद्धेने केले होते. आणि नेमके सर्वांत नाजूक जागी. नाव वाऱ्याने आडवी ढकलली जाऊ नये म्हणून तळातून एक उभी फळी पाण्यात उतरते. ती ज्या खोक्यात सरकते, त्या खोक्याच्या बुडाच्या पट्ट्यांना ते तेल होते. तो सांधा सुटला, तर मधोमध हातभर भोक.

मियांनी नावेवर बोटाने टिचकी मारली. आवाज भरीव. परत मारली. मागल्या आठवड्यात खोक्यात रात्रभर पाणी भरून ठेवले होते, थेंब गळला नव्हता. अमृतरावांनी स्वतः पाहिले होते. "काय झालं?" चाचींनी विचारले. "कुठं काय," म्हणून ते नाल्यापर्यंत गेले, परतले, पुन्हा गेले.

शुक्रवारी नमाजानंतर ते हिंगोलीच्या जीपमध्ये बसले आणि कनेरगाव नाक्यावरच उतरले. ढाब्यावर चहा मागवला, तो निवला. उभ्या पाण्याने सांधा टिकला, मग चालत्या पाण्याने काहून सुटेल? पण वाऱ्याने फळी डाव्या-उजव्या अंगाला कशी रेटते, ते त्यांनीच तर कागदावरून समजून घेतले होते. दोन जीपा हिंगोलीकडे गेल्या. तिसरी गोरेगावची आली, तिच्यात ते बसले.

शनिवारी अमृतराव नाव न्यायला आले. संगे कॉलेजात शिकणारी नात शितल. पहिली फेरी तिची. अंगणातच ती नावेत चढली, खोक्यावर हात टेकून बसली.

"मिया, उद्या तुमी पण बसा माझ्यासंगं. पहिला मान तुमचा."

"मला पोहता येत न्हाई, बेटा."

"मला तरी कुठं येतं? आजोबांची नाव बुडणार हाय का?"

मिया आत गेले. पटाशी अन् हातोडा घेऊन बाहेर आले.

"बेटा, खाली उतर. सायब, नाव आज जाणार न्हाई."

"काहून? काही राहिलं का?"

"राहिलं न्हाई. जास्तीचं झालं."

खोक्याच्या बुडाच्या पट्टीखाली पटाशी लावून त्यांनी ठोका दिला. निळा रंग तडकला. दुसऱ्या ठोक्याला पट्टी वर आली. तिसऱ्याला अख्खे खोके हलले.

"तेल पाजलं होतं मी. आमच्यात पाजतात. गुरुवारपासून म्हाईत हाय मला. काल तुमच्याकडं निघालो, अन् नाक्यावरून परत आलो. ते बी सांगून ठेवतो."

अमृतरावांनी सुटलेली पट्टी बराच वेळ न्याहाळली. मग नावेच्या काठावर टेकले.

"माझ्या कागदावर लाकूड कोरडं ठेवा, असं कुठं लिहिलंय मिया?"

"न्हाई."

"मोजमाप सगळं लिहिलं. तुमी लाकडाला काय करता, ते मात्र पुसलं न्हाई." त्यांनी खिशातली पेन्सिल काढली. "किती दिवस?"

"समदं खरवडून, नव्या पट्ट्या... पंधरा. लोक हसतील, सायब. रविवार तर उद्यावर आला."

"हसू द्या. शितल, जीप मागं घे."

नाव न घेताच जीप गेली. मियांनी जमिनीवर बसून जुनी पट्टी खरवडायला घेतली. पटाशी सरळ चालली होती.

ज्याने रेखाटली, ज्याने बांधली, जिने शीड शिवले आणि जी तीत बसणार, त्या सर्वांना पाणी सौम्य असो, वारा अनुकूल असो, आणि सत्य बोलताना त्यांच्या जिभेला बळ असो.