सेबेस्टियनची पाच वांगी

"माती कुठलीही असो, अंगात वाडीवाल्याचं रक्त असलं की ती ऐकतेच!" कमरेवर हात ठेवून सेबेस्टियननं जाहीर केलं आणि पाऊल उचललं. पाऊल वर आलं. गमबूट आला नाही.

कुंपणापलीकडं, भाताच्या बांधावर हिरूबाय उभी होती. चांदीप गावच्या या चिकणमातीत साठ पावसाळे काढलेली बाई. तिनं बुटाकडं पाहिलं, मग वाफ्यांकडं.

"सेबेस्टियनभाव, वांगी लावलीस का भात?"

विचारणं रास्त होतं. सेबेस्टियन मूळचा वसईच्या पश्चिमेचा. तिथल्या वाडीत जमीन रेताड. ओतलेलं पाणी पाठ फिरेस्तोवर गडप. म्हणून बापानं शिकवलेलं, वाफा खोल खणायचा, कडेनं बांध घालायचा, पाणी धरून ठेवायचं. बस चालवून निवृत्त झाल्यावर त्यानं चांदीपला तीन गुंठे घेतले, घर बांधलं आणि बापाला स्मरून सहा खोल वाफे खणले. जुलैनं सहा तळी भरून दिली. रोपं माना टाकून तरंगत होती. एका वाफ्यात बेडूक होता, तो तेवढा मजेत होता.

गोष्ट नुसत्या वांग्यांची असती तर सेबेस्टियन हसला असता. पण मुलगा हृतिक विरारला सातव्या मजल्यावर राहायचा आणि आईच्या दुखऱ्या गुडघ्यांवरून त्यानं अट घातली होती. ऑक्टोबरात आगेरा. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये वाहायचा सण. त्या दिवशी ताटात घरची भाजी दिसली तर ठीक, नाहीतर घराला कुलूप आणि दोघांनी विरारला यायचं.

"बाल्कनी आहे ना पप्पा! दोन कुंड्या आरामात बसतात."

दोन कुंड्या! सेबेस्टियनला रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी उठून त्यानं टेम्पोभर रेती आणली. चिकणमातीत रेती कालवली की वाडीची जमीन तयार, असा हिशोब. दोन दिवस ऊन पडलं आणि वाफे असे घट्ट झाले की कुदळ उसळून परत आली.

"लादी छान बसवलीस," हिरूबाय म्हणाली. "आता पाट मांड नि जेवाया बस."

"बाय, थट्टा नको. माझं घर जातंय."

तेव्हा ती कुंपण ओलांडून आली. कळशीभर पाणी वरच्या कोपऱ्यात ओतलं आणि त्याच्या मागं मागं चालू लागली, जशी हरवलेल्या शेळीमागं चालावी. पाणी वळलं, थबकलं, पुन्हा निघालं आणि एका जागी येऊन तुंबलं.

"ह्यो ओटा पान्याच्या वाटंत बसलाय."

"त्याच्यावर मी बसतो!"

"तेच बोलते मी."

तो ओटा सेबेस्टियननं स्वतः बांधला होता, वर निळ्या फरशा लावून. सगळी बागायत तो तिथूनच, चहा पीत करायचा. घरातून बायको लिली म्हणाली, "फोड रे. तसंही तिथं बसून तू फक्त मला हाका मारतोस."

ओटा फुटला. त्या जागेवरून नाल्यापर्यंत चर गेला. खोल वाफे बुजले, रेतीची ढेकळं कुंपणाकडं गेली आणि वीतभर उंच गादीवाफे उभे राहिले. गिरणीवरचं भाताचं तूस, कुजलेला पेंढा, शेणखत, सगळं त्यात गेलं. हिरूबायचा हुकूम एकच, "माती ओली असली का पाय घालू नको. तुज्या वजनानं तिचा दम कोंडतो."

"पोटाबद्दल बोलतेय ती," लिलीनं खुलासा केला.

ऑगस्टात हिरूबायनंच वांग्याची रोपं दिली. पाऊस धो धो पडला. सेबेस्टियन छत्री घेऊन चराकाठी उभा राहायचा आणि पाणी नाल्याकडं पळताना पाहून, बस वेळेवर सुटल्यावर हलवावी तशी मान हलवायचा.

आगेऱ्याला नऊ माणसं जेवायला आली. सेबेस्टियननं सगळ्यांना, नव्या चपलांसकट, वाफ्यांपाशी नेलं. धाकटा भाऊ ॲन्सेल्म वाकून बघत म्हणाला, "जांभळं आहे खरं." पाच वांगी होती. त्यांतलं एक जरा वाकडं.

हृतिकनं वांगं हातात तोललं, आईकडं पाहिलं. आई हसत होती. "बरं पप्पा," तो म्हणाला. "राहा इथंच."

 सेबेस्टियननं पाची वांगी ओंजळीत घेतली, घसा खाकरला. "या मातीनं मला ओळखलं. आज या घरात, आपल्या जमिनीचं, आपल्या घामाचं..."

"झालं?" लिलीनं त्याच्या खांद्यावर पिशवी अडकवली. "आता पटकन बाजारात जा नि एक किलो वांगी घेऊन ये. नऊ जणांना पाच वांगी मी फुंकर मारून वाढू काय? आणि बघून घे. वाकडी नको."