उष्टावणाची वाटी

ग्लासाच्या तळाशी पावडरीचा पांढरा थर अजून तसाच होता, आणि उत्कर्षा चमच्याने तो ढवळत होती... जितकं हळू ढवळता येईल तितकं हळू, कारण एकदा का तो विरघळला की प्यावंच लागणार होतं. लिंबू पिळून घेतलं की मळमळत नाही, असं सिस्टर सांगून गेली होती. लिंबाची एक बी पाण्यात फिरत होती; तळाला जायची, पुन्हा वर यायची. तिच्याकडे बघता बघता उत्कर्षाच्या लक्षात आलं की आपले तळहात आत्ताच, एक थेंबही पोटात गेलेला नसताना, ओले झाले आहेत.

“सगळं एका बैठकीत संपवा,” सिस्टर म्हणाली होती. “मग रक्त घेऊ. सहाव्या महिन्यात सगळ्यांचीच करतो ही शुगरची तपासणी. घाबरण्यासारखं काही नाही.”

सगळ्यांचीच. पलीकडच्या बाकावरच्या दोघींनी सरबत प्यावं तसे आपापले ग्लास रिकामे केले होते आणि आता त्या मोबाईल बघत बसल्या होत्या. शेजारी सासू, द्वारकाबाई, मांडीवर पिशवी घेऊन ताठ – बारामतीच्या या दवाखान्यात त्या नेहमी अशाच बसत, कुणीतरी उठवील या तयारीने. सकाळी कळसहून इंद्रजितने दोघींना गाडीतून आणून सोडलं आणि तो इंदापूरला, आपल्या ठिबकच्या दुकानावर निघून गेला. उतरताना तिने नवऱ्याकडे पाहिलं होतं. त्यानेही पाहिलं होतं. मग त्याने गाडी वळवली. पुरुषांना दुकान असतं हे किती बरं, तिला वाटलं. भीती वाटली की शटर वर करायचं आणि पाइपांच्या गुंडाळ्या इकडच्या तिकडे लावायला लागायचं.

साखरेचं पाणी तिच्या पोटाला चालत नाही हे इथे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. ऑपरेशननंतर एकदाच, स्टँडजवळच्या रसवंतीत, सगळे पितात म्हणून तिने अर्धा ग्लास उसाचा रस घेतला होता... आणि मग छातीत काहीतरी धडाधडा पळायला लागलं, कपाळावरून घामाच्या धारा, चरकाची घुंगरं कुठूनतरी फार लांबून वाजल्यासारखी, आणि आपण इथेच, या चिकट फरशीवर पडणार एवढं एकच कळत राहिलं. पण तेव्हा ती एकटी होती. आता त्या पळणाऱ्या काळजाच्या खाली दुसरं एक काळीज आहे, बोराएवढं असेल नसेल, आणि त्याला पळायला जागा कुठे आहे?

वजन कमी करायचं ऑपरेशन. पुण्याच्या डॉक्टरांनी जठराचा एवढासा कोपरा कामाला ठेवला, बाकीच्याला बगल दिली आणि खाल्लेलं फारसं अंगी लागू नये म्हणून आतड्याची वाट जवळची करून टाकली. त्याआधीची नऊ वर्षं नुसती वजन आणि पाळी, पाळी आणि वजन. प्रत्येक डॉक्टर शेवटी तिच्या दंडांकडे बघून म्हणायचा, आधी हे कमी करा, मग मुलाचं बोलू. घरात आणि गावात सांगितलं, पित्ताचे खडे काढले. पथ्य आहे म्हणून थोडं खाते. आणि अंग उतरायला लागलं तेव्हा ती रोज सकाळी कॅनॉलच्या कडेने चालत होती, एवढंच लोकांनी पाहिलं. बाकीचं द्वारकाबाईंनी पुरं केलं. “माझी सून चालून चालून निम्मी झाली,” त्या गिरणीत सांगत, लग्नात सांगत, कुणी विचारलं नाही तरी सांगत. आता अर्ध्या कळसच्या बायका सकाळी कॅनॉलवर असतात. शेजारच्या छबूबाईंचे गुडघे कामातून गेले, अंग तसूभर हललं नाही, तरी भेटल्या की पाठीवर हात ठेवून म्हणतात, “तुझ्यावानी जिद्द न्हाय गं बाय आमच्यात.” आणि दिवस राहिले तेव्हा तर कॅनॉलला शेंदूर लावायचाच काय तो बाकी राहिला होता. हसू येण्यासारखंच होतं ते सगळं. उत्कर्षाला येत नव्हतं.

“आधी कुठलं ऑपरेशन झालंय?” पहिल्याच खेपेला डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं. सासू शेजारच्या खुर्चीवर. “पित्ताचं खडं,” द्वारकाबाईंनीच सांगून टाकलं, आणि उत्कर्षाने मान हलवली. एवढंच... मान हलवली. त्यानंतर प्रत्येक खेपेला घरून ठरवून निघायचं, आज सांगायचं. आणि प्रत्येक खेपेला सासू शेजारच्या खुर्चीवर, कारण पोटुशी सुनेला एकटीला आत कसं धाडायचं? बाहेर थांबा म्हणावं तर का, आणि का ते सांगावं तर सगळंच सांगावं. असे महिने गेले.

दीड-दोन वर्षं मूल नको, पुण्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. शरीराला आधी सावरू द्या. वजन उतरलं की दिवस चटकन राहतात, तेव्हा काळजी घ्या. परतताना भिगवणच्या अलीकडे दोघं गाडीत खदखदून हसले होते. काळजी घ्या! नऊ वर्षं देवदेव, उपासतापास करून जे झालं नाही, त्याची काळजी घ्या म्हणे... इंद्रजितला इतकं हसू आलं की त्याने गाडी बाजूला घेतली. वर्ष व्हायच्या आत पाळी चुकली. घरात पेढे आले, आणि ते दोघं न्हाणीघराच्या दाराशी उभे राहून एकमेकांकडे नुसते बघत राहिले. तेव्हापासून ते नीट हसलेलेच नाहीत.

आणि मागच्या सोनोग्राफीत डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, “बाळ जरा बारीक आहे.”

बारीक. जन्मभर हा शब्द कुणीतरी एकदा आपल्याबद्दल म्हणावा म्हणून मी काय काय केलं... सुप्याला माहेरी असताना आरशाकडे पाठ करून वेणी घातली, लग्नात मेंदीचे हात पदराखाली ठेवले, शेवटी पोट कापून घेतलं. आणि तो शब्द आला तो असा, अंधाऱ्या खोलीत, दुसऱ्याच्या वाट्याला. डॉक्टरीणबाईंना कारण कळेना. जेवता ना नीट? गोळ्या घेता ना? पुन्हा पुन्हा विचारत होत्या, आणि कारण तिथेच होतं, त्यांच्यासमोर आडवं पडलेलं, पोटाला गार जेल लावून गप्प. घरी आल्यावर सासूने डिंकाचे लाडू वळले. दोन जिवांची हायस, दोगांचं खा. एक लाडू कसाबसा कुरतडायचा, बाकीचे गाईच्या गव्हाणीत. गाय तुकतुकीत झाली.

जेवायची ती चांदीच्या वाटीत. लग्न झालं त्याच वर्षी द्वारकाबाईंनी ती वाटी नातवाच्या उष्टावणासाठी करून घेतली होती. पहिला घास चांदीतून जावा म्हणून. नऊ वर्षं कपाटात, लाल मखमलीच्या डबीत. ऑपरेशननंतर एका वेळी एवढंच खायचं असं सांगितलं तेव्हा घरातलं सगळ्यांत लहान भांडं तेच निघालं. कुणी काही विचारलं नाही. आणि आता त्या वाटीत वरणभात कालवताना दर वेळी हात थांबतो – यातलं माझं किती आणि त्याचं किती? मी आधी खाते की तो? सकाळपासून एकदाच हललंय. एकदाच, आणि तेही ते होतं की गॅस...

“ढवळून ढवळून तळ झिजंल ग्लासाचा,” द्वारकाबाई म्हणाल्या. “पी की.”

“एकदम एवढं जात नाही, आई.”

“ठावं हाय मला.”

चमचा थांबला. उत्कर्षाने मान वर केली नाही. द्वारकाबाईंनी पिशवीत हात घातला, रुमालाची गाठ सोडली आणि ती वाटी काढून तिच्यापुढे धरली.

“मला दिसत न्हाय असं वाटलं व्हय तुला? दीड वरीस बघतीया. लेकराच्या वाटीत जेवतीस. म्हनलं, नवस बोलली आसंल पोरगी. नवसाचं इचारू न्हाय कुनाला, म्हनून गप ऱ्हायले.” त्यांनी पदराने वाटी आतून पुसली. “आन मीबी तवापास्नं एकच भाकरी खाती. म्हनलं, सून एवढ्याशा वाटीवर ऱ्हाती, आपुन कशाला ताट भरायचं.”

उत्कर्षाने त्यांच्या हाताकडे पाहिलं. बांगड्या कोपरापर्यंत चढल्या होत्या. मनगटाचं हाड वर आलं होतं. वय झालं, असं ती समजून चालली होती. रोज समोर बसून जेवत होती आणि समजून चालली होती. तिला एकदम इतकी लाज वाटली की ओरडून रडावंसं वाटलं. या बाईने एका खोट्या नवसापायी दीड वर्ष उपास काढला. आणि तिला सांगायचं काय? की वाटी नवसाची नव्हती, मापाची होती?

द्वारकाबाईंनी ग्लास घेऊन वाटी काठोकाठ भरली. लिंबाची बी वाटीत येऊन पडली.

“ह्यातनं घोट घोट घे. त्याला पोचंल.”

वाटी गार होती. ओठांपर्यंत आली. आत, बेंबीच्या खाली, काहीच हलत नव्हतं. उत्कर्षा कान देऊन वाट बघत राहिली, पायऱ्यांवर पावलं वाजावीत म्हणून बघावी तशी... नाही. काही नाही.

“आई,” ती म्हणाली, “मी खाते ते त्याला पोचत नाही.”

स्वतःचा आवाज ऐकून तीच दचकली. पलीकडच्या बाकावरची एक बाई मोबाईलमधून वर बघून पुन्हा खाली बघू लागली.

“म्हंजी?” द्वारकाबाईंनी विचारलं.

वाटी आता दोघींच्या हातात होती. समोरचा हा चेहरा पडेल, याच एका भीतीने तिने इतके महिने काढले होते. तो आता पडत होता, डोळ्यांदेखत, हळूहळू. आणि ती भीती उत्कर्षाला मनात शोधूनही सापडेना. तिथे दुसरीच येऊन बसली होती. डॉक्टरीणबाईंच्या बंद दाराकडे बघत ती मनाशी एवढंच म्हणत होती, उशीर तर झाला नसेल ना... मला फार उशीर तर झाला नसेल ना.