नऊ विधवांचा बँड

आमच्या घरी पोरगी पाहायचा कार्यक्रम चारदा झाला. चारही वेळा पोरगी मीच होती.

चारही वेळा आईनं माह्या तोंडाले अर्धा डबा पावडर फासली, डोळ्यात काजळ कोंबलं अन् मले पाटावर बसवलं. चारही पार्ट्या पोहे खाऊन गेल्या अन् निरोप आला, पोरगी रंगानं कमी आहे. आता मले सांगा, मी रंगानं कमी काऊन? जास्तीच आहे. लहानपणापासून तलावात बाबासंगं जाळं ओढून राह्यली, उन्हानं द्यायचा तेवढा रंग पूर्ण दिला आहे. कमी असन त त्या लोकायची अक्कल.

पण हे आमच्या बाबाले कोण सांगन? बाबा म्हणजे गुणवंतराव, मच्छीमार सोसायटीचे जुने सभासद. पोंभुर्ण्याच्या बाजारात त्यायले चार लोक नमस्कार घालतात, अन् ते चार नमस्कार जपण्यात त्यायची जिंदगी चालली आहे. ते म्हणाले, "आता पाचवं स्थळ भद्रावतीचं. हेही गेलं त मी कुरखेड्याच्या बिजवराले हो म्हणतो."

कुरखेड्याचा बिजवर चव्वेचाळीस वर्षांचा. राईस मिल आहे, बायको वारली आहे, दोन पोरी आहेत. मोठी पोरगी माह्याहून चार वर्षांनी लहान. ती मले आई म्हणन, अन् मी तिले काय म्हणू? मैत्रीण?

हे सन नव्याण्णवचं. मी एकवीस वर्षांची, बी.ए. करून राह्यली होती, इंग्रजीत दोनदा नापास. दिवाळीनंतर मी माह्या मावसबहिणीकडे गेली, मयुरीकडे. तिचे बाबा भद्रावतीच्या फॅक्टरीत, म्हणून कॉलनीत क्वार्टर. बाजूच्या क्वार्टरमधला केरळचा इंजिनिअर बदली होऊन गेला होता अन् जातानी कॅसेटींचं एक खोकं मयुरीच्या घरी टाकून गेला होता. मयुरीचा विचार असा का, या सगळ्या कॅसेटींवर आपण पिक्चरचे गाणे भरून घेऊ.

मी खोक्यात हात घातला, एक कॅसेट काढली, कव्हर पाह्यलं अन् ओरडलीच.

"मयुरी, हे बाई पोरगी पाहायच्या कार्यक्रमाले बसली वाटते वं!"

खरंच सांगतो. तोंडाले पांढरीफट पावडर, मानेपाशी पावडर संपली तिथी सरळ रेष, डोळ्यात गालापर्यंत काजळ, अन् थोबाड असं उतरलेलं का जसं आत्ताच कोणी विचारलं, स्वयंपाक येते काय. हुबेहूब मी. फरक एकच. मी पाटावर मान खाली घालून बसतो, अन् हे बाई सरळ समोर पाहून राह्यली होती. जो पाहायले आला त्याचीच चूक झाली असं तिच्या डोळ्यात होतं.

बँडचं नाव 'नाईन विडोज'. म्हणजे नऊ विधवा. मागच्या फोटोत माणसं चारच, त्यातले तीन बापे. खाली लिहिलं होतं, गॉथिक रॉक. मयुरीच्या डिक्शनरीत पाह्यलं त गॉथिक म्हणजे युरोपातल्या जुन्या इमारतींची पद्धत, अन् रॉक म्हणजे खडक. तेवढ्यानं आम्हाले काहीच समजलं नाई, म्हणून कॅसेट लावली.

आधी नुसतं घुंऽऽ. मयुरी म्हणाली टेपचं हेड खराब झालं. मग ढोल सुरू झाला, एकसारखा, काही घाई नाई. मग गिटार, विहिरीच्या तळाशी बसून कोणी वाजवावी तशी. अन् मग ते बाई गायली. बाप्प्या, काय आवाज! जाड, थंडा, लाडीगोडी अजिबात नाई. आपल्या इथी गाणाऱ्या बाया कशा, आवाज जेवढा बारीक तेवढं कौतुक. ही त सरळ खाली उतरत गेली.

मले रडू आलं, अन् रडता रडता एवढं मस्त वाटलं का काय सांगू. चार वेळा पाटावर बसून जे मनात आलं होतं अन् ज्याले माह्यापाशी शब्द नव्हता, ते कोणी इंग्लंडात बसून वाजवून ठेवलं होतं.

"यायच्या घरी कोणी मेलं काय?" मयुरीनं विचारलं.

"मेलं असन त मेलं. गाणं भारी झालं."

आठ दिवस मी तेच ऐकलं. इंग्रजीत नापास पोट्टी, पण एक एक शब्द थांबवून, मागं घेऊन, डिक्शनरीत पाहून एका गाण्याचा अर्थ काढला. तो असा: पाहून घ्या पोटभर, मग माझा नंबर. बस. तीन मिनिटं हेच. परीक्षेत हा पेपर आला असता त मी पहिली आली असती.

कॅसेट घेऊन गावी आली अन् तलावावर कपडे धुतानी बुधरीकाकू भेटली. काकू आमच्या शेजारची. भद्रावतीचं ते पाचवं स्थळ तिनंच आणलं होतं, कारण पोराची आई केसरबाई तिची मामेबहीण. मी एवढी खुश होती का माह्यानं राहवलंच नाई.

"काकू, मले एक बँड सापडला! असा बँड मी जिंदगीत ऐकला नाई. आता दुसरा बँड नको मले."

आता चूक कोणाची ते तुम्हीच ठरवा. आमच्या गावात बँड म्हटला का एकच. लाल कोट घालून वरातीपुढं चालते तो. काकू कपडे तिथीच सोडून उठली. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाले माहीत झालं का साधनानं लग्नाचा बँड पसंत केला, अन् दुसऱ्या दिवशी भद्रावतीले फोन गेला. पोरानं पोरगी पाह्यली नाई, अन् पोरीनं बँड ठरवूनही टाकला!

बाबा बाजारातून आले ते लालबुंद होऊन. मले वाटलं आता मार पडते. पण बाबाले राग बँड ठरवल्याचा नव्हताच. त्यायले न विचारता ठरवल्याचा होता.

"कुठला बँड आहे?"

"इंग्लंडचा."

बाबा खाटेवर बसले. "इंग्लंडचा? किती माणसं?"

"चार."

"चार माणसांचा कसला बँड? आपल्या पोंभुर्ण्याच्या बँडात अठरा आहेत. अन् हे लोक आपलं खातात काय? मच्छी चालते त्यायले?"

मी समजावून सांगतलं का बाबा, हा ऐकायचा बँड आहे, तो येत नाई, कॅसेटमध्ये असते. अर्धा तास सांगतलं. शेवटी बाबा म्हणाले, "म्हणजे येणार नाईत?" अन् त्यायचा चेहरा असा पडला का मलेच वाईट वाटलं. कारण बाजारात चार लोकांनी विचारल्यावर बाबानं छाती फुगवून हो म्हणून टाकलं होतं.

रविवारी भद्रावतीवाले जीप करून आले. केसरबाई, तिचा पोरगा अजय अन् दोन म्हातारे. बुधरीकाकूही येऊन बसली. अजय कोळशाच्या खाणीत कामाले, अंगानं किरकोळ, नवीन कडक शर्टात अवघडून बसलेला. आईनं माह्या तोंडाले पावडर फासली. या वेळेस मी तिले काही बोलली नाई. उलट म्हटलं, काजळ अजून घाल. नंबर पाचवा होता अन् मागं कुरखेडा उभं होतं, त मी घाबरली होती, खोटं कायले सांगू?

पोहे झाले. केसरबाईनं बशी खाली ठेवली. "आमचा होकार नाई का नकार नाई, अन् तुम्ही बँड ठरवला म्हणता, गुणवंतराव?"

बाबाले सरळ नाई म्हणता आलं असतं. पण ते चार नमस्कार! "इंग्लंडचा आहे," ते म्हणाले.

"नाव काय बँडचं?"

बाबानं माह्याकडे पाह्यलं. मी म्हटलं, "नऊ विधवा."

एका म्हाताऱ्यानं देवाचं नाव घेतलं. बाबा घाबरून म्हणाले, "नावात काय आहे? साधना, वाजवून दाखव वं!"

मी टेप लावला. ढोल सुरू झाला, ते बाई सुरू झाली. म्हातारे एकमेकांकडे पाहू लागले. "हे त मयत आहे," एक म्हणाला. अजय मात्र खाली मान घालून ऐकत होता, अन् त्याचा एक पाय हळूहळू हलून राह्यला होता. ते मी पाह्यलं.

"बस झालं," केसरबाई म्हणाली, पण टेप बंद करायले कोणी उठलं नाई. "पोरी, जरा चालून दाखव."

मी उठली. दारापर्यंत गेली, परत आली. ढोल चालू होता त पाय आपोआपच त्याच्यावर पडून राह्यले होते.

"साडी वर घे थोडी. घोटे पाहू दे. पाय सरळ आहेत का नाई?"

चार वेळा घेतली होती मी साडी वर. काही मरत नाई माणूस त्यानं. पण त्या दिवशी माह्यानं झालंच नाई. मी केसरबाईकडे पाह्यलं, सरळ, मान वर करून, पावडर अन् काजळासकट. म्हटलं, "पाहून झालं तुमचं? आता माहा नंबर. यायले चालून दाखवायले सांगा."

"कोणाले?"

"नवरदेवाले."

केसरबाईच्या तोंडात घास नव्हता, तरी तिले ठसका लागला. बुधरीकाकूनं कपाळाले हात लावला. बाबा म्हणाले, "साधना, तोंड आवर!" अन् तेवढ्यात अजय उठला. खरंच उठला. भिंतीपर्यंत गेला, परत आला. बिचाऱ्याचे हात कुठी ठेवावे ते त्याले समजत नव्हतं. मधात एकदा पायात पाय अडकला. मले हसू आलं अन् त्याची दयाही आली. माह्या समोर येऊन उभा राह्यला अन् विचारलं, "अजून?"

"पँट जरा वर घ्या," मी म्हटलं.

झालं. केसरबाई उठली, म्हातारे उठले, अजयले दंडाले धरून ओढलं. जीपमध्ये बसतानी केसरबाई काहीतरी बोलणार होती, पण मीच आधी म्हटलं, "आम्ही घरी विचार करून कळवतो." जीप गेली.

बाबा अंगणात येरझारा घालू लागले. नाक कापलं, तोंड काळं केलं, सगळं म्हणून झालं. मग शेवटचं म्हणाले, "मी उद्याच कुरखेड्याले फोन करतो. बिजवराले हो सांगतो. संपलं!"

त्या बँडनं दिलेली हिंमत तेवढीच होती, ती जीपसंगं निघून गेली होती. मी भिंतीले टेकून बसली अन् काजळ गालावर वाहू दिलं.

तेवढ्यात आई सैपाकघरातून बाहेर आली. माही आई आशाबाई, बाबासमोर पंचवीस वर्षांत एक शब्द जास्तीचा न बोललेली. ती पदराले हात पुसत म्हणाली, "मले दोनदा चालवलं होतं. एकदा तुमच्या बाबानं, एकदा तुमच्या बहिणीनं. दुसऱ्यांदा ओल्या पायानं. ठसा पाहायचा होता त्यायले, तळवा सपाट आहे काय म्हणून. अन् तुम्ही तिथी बसून पोहे खाऊन राह्यले होते."

बाबा थांबले. "एवढ्या जुन्या गोष्टीचं आता काय?"

"काही नाई. कुरखेडेवाल्याले फोन करा न. त्याले म्हणा इथी ये, पाटावर बस, अन् मग माह्या पोरीसमोर या दारापासून त्या दारापर्यंत चालून दाखव."

"अवं, तो कसा चालन? त्याचे दोन्ही गुडघे गेले आहेत. मिलमध्ये काठी घेऊन फिरते तो."

"म्हणजे तो नाई चालत?"

"नाई चालत."

"मग नाई चालत," आई म्हणाली, अन् तिनं मले हाताले धरून उठवलं.