डावीकडचं

"कारण काय लिहू, काका?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"लिहा, मन बदललं."

"मन बदललं तर अर्धी अनामत कापली जाते. बुकिंग करताना सांगितलं होतं तुम्हाला."

"सांगितलं असेल. गाडी दोन महिन्यांत हातात देतो, असंही सांगितलं होतं. त्याचं काय झालं?"

मुलगी हसली नाही, चिडलीही नाही. दिवसभर हेच ऐकून घ्यायचा तिला पगार मिळत असावा. टेबलावर काचेच्या पेल्यात तिने एक हिरवी फांदी पाण्यात ठेवली होती. ती जराशी बाजूला सरकवून म्हणाली, "पूर्ण रक्कम दोनच कारणांनी परत मिळते. गिऱ्हाईक वारलं, किंवा डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली, तर."

"वारलो तर नाही अजून," आमचे हे म्हणाले. "ही शेजारी बसलीय, हिला विचारा."

"सकाळपर्यंत तरी नव्हते," मी म्हटलं.

आता मात्र मुलगी हसली. हे हसले नाहीत. दुसऱ्या कारणाबद्दल त्यांनी काही विचारलंही नाही. समोरच्या भिंतीवर लावलेल्या गाडीच्या चित्राकडे बघत राहिले. मी त्यांच्या डाव्या हाताला बसून पिशवीचे बंद पिळत राहिले.

दुसरं कारण मला ठाऊक होतं. मला ते ठाऊक आहे याची यांना कल्पना आहे की नाही, तेवढंच ठाऊक नव्हतं.

यांचा सगळा जन्म दुसऱ्याच्या गाड्या चालवण्यात गेला. शेवटची नोकरी बाईंकडे. बाई एकट्या, वयाने आमच्याहून मोठ्या. गॅरेजच्या मागची खोली त्यांनी आम्हाला राहायला दिली होती. ती ड्रायव्हरची खोली. ड्रायव्हर आहे तोवर खोली आहे, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट झालं होतं आणि त्यात काही वावगं नव्हतं. बाईंच्या कमरेचं हाड मोडल्यापासून त्यांना आठवड्यातून तीनदा व्यायामाला न्यावं लागे. त्या मागच्या सीटवर पाय लांब करून बसत. त्यांना हात धरून उतरवायला मी लागे, म्हणून मी पुढे, यांच्या डावीकडे.

नवी गाडी सांगितली ती या सगळ्याच्या मध्येच कधीतरी. दवाखान्याच्या धुलाईखान्यात मी उमेदीची वर्षं चादरी पिळण्यात घालवली, त्याचे शेवटी जे पैसे हातात आले ते अनामतीला दिले. बाकीचं कर्ज काढायचं, बाईंकडची नोकरी सुटली की स्वतःची गाडी भाड्याने चालवायची, असा बेत होता. रंग यांनी निळा निवडला, कारण आयुष्यभर सगळे मालक पांढऱ्या गाड्यांचे मिळाले.

"पहिल्या दिवशी तुला मागच्या सीटवर बसवून गावभर फिरवणार," हे म्हणाले होते.

"मागे बसून काय करू? तुमचं टक्कल बघू?"

"बघ की. एवढी वर्षं मालकांनी फुकट बघितलं."

गाडी काही येईना. आज येते, उद्या येते, कारखान्यातूनच उशीर आहे, अशी टोलवाटोलवी चालली होती. तेवढ्यात घरात दुसरंच काहीतरी सुरू झालं. यांच्या डाव्या हाताशी ठेवलेला चहाचा कप आडवा व्हायला लागला. दाराच्या चौकटीला यांचा डावाच खांदा आपटायचा. मी कप उजवीकडे ठेवायला लागले आणि काही बोलले नाही. म्हातारपण आलं की माणूस एका बाजूने खचतो, असं मनाशी म्हटलं.

मग एकदा बाईंना घेऊन जाताना डाव्या गल्लीतून एक सायकलवाला पुढे आला. मागे पत्र्याचे डबे बांधलेले. "अगं बाई, केवढं ओझं त्या सायकलवर!" मी सहज म्हणाले. यांनी ब्रेक दाबला. सायकल आमच्या दिव्याला घासून गेली. मी बोलले नसते तर काय झालं असतं, ते मला यांच्या हातांवरून कळलं. सायकल दूर गेली तरी ते स्टिअरिंग सोडत नव्हते.

त्या दिवसापासून मी बोलायला लागले. "शाळा सुटली वाटतं, पोरं बघा कशी रस्त्यात सांडलीत." "हा टेम्पो असा तिरका का उभा केलाय मेल्याने?" "ती म्हातारी आता पलीकडे जाणार बघा." डावीकडे जे दिसेल ते. बाई मागून वैतागायच्या. "अगं रेडिओ, जरा बंद हो की! कान किटले माझे." मी हसून पुन्हा सुरू व्हायचे. घरी पोचलो की काठोकाठ भरलेला हंडा डोक्यावरून उतरवल्यासारखं वाटायचं. दुसऱ्या खेपेला तो पुन्हा डोक्यावर.

हे मात्र मला एकदाही गप्प बस म्हणाले नाहीत. गाडीत माशी गुणगुणली तरी काच खाली करणारा हा माणूस. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

गाडी रद्द करू, असं तेच एका सकाळी म्हणाले. "किती दिवस वाट बघायची? पैसे तरी मोकळे होतील." मी बरं म्हटलं. लाकडाच्या वखारीमागची एक खोली मी मनात धरून ठेवली होती. आज ना उद्या ही नोकरी जाणार, तेव्हा डोक्यावर छप्पर तर हवं. पण तिथल्या मालकालाही अनामत हवी होती, आणि अर्ध्या पैशात अर्धी खोली मिळत नाही.

म्हणून त्या दिवशी बाईंना व्यायामाला सोडून, त्यांचं होईपर्यंत आम्ही शोरूमवर आलो होतो. खरं कारण सांगितलं तर नोकरी आणि राहती खोली दोन्ही जाणार. नाही सांगितलं तर नव्या खोलीचे पैसे जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. मुलीचं पेन कागदावर थांबलं होतं.

तेवढ्यात एक टायवाला आला. आमचं बुकिंग त्यानेच केलं होतं.

"काका, रद्द कशाला करताय? नवीन मॉडेल आलंय, दारातच उभं आहे. एक चक्कर मारून तर बघा. मन पुन्हा बदलेल."

"नको."

"पैसे नाही लागत चक्कर मारायला."

"नको म्हटलं ना."

"घाबरलात की काय? ड्रायव्हर होतात म्हणे तुम्ही!"

तो थट्टेने म्हणाला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण हे उठले. "होतात" हा शब्द त्यांना लागला असावा. त्यांनी शर्ट खाली ओढला, खिशातून पिवळं फडकं काढलं आणि बाहेर जाऊन त्या नव्याकोऱ्या गाडीचे दोन्ही आरसे पुसले. गाडी चालवायच्या आधी आरसे पुसायचे, ही त्यांची जन्माची सवय. डावा आरसा तर त्यांनी जरा जास्तच पुसला.

मी पाठोपाठ धावले आणि पुढचं डावं दार उघडलं.

"अहो मावशी, तुम्ही मागे," टायवाला म्हणाला. "मालकिणीसारख्या ऐसपैस बसा. मी पुढे बसतो, काकांना सगळी बटणं दाखवायची आहेत." आणि तो बसलासुद्धा.

मी मागे बसले. सीटवरचं प्लास्टिक अजून काढलं नव्हतं, ते करकरलं. समोर यांचं टक्कल. मागच्या बाजूला कानाजवळ थोडे केस राहिले होते, ते पार पांढरे झाले होते. इतकी वर्षं शेजारी बसून मला ते दिसले नव्हते.

गाडी हलली. अंगणातल्या उभ्या गाड्यांमधून यांनी ती इतकी अलगद काढली की टायवाल्याचं बोलणं जरा थांबलं. मग पुन्हा सुरू झालं. हे असं गरम होतं, ते तसं थंड होतं. फाटकापाशी आलो. समोर वाहता रस्ता. उजवीकडे वळायचं होतं, म्हणजे डावीकडून काय येतंय ते आधी बघायला हवं.

मी तोंड उघडलं. पण टायवाला आडव्या अंगाचा, त्यात सीटची ती उंच उशी. डावी बाजू सगळी त्याच्या खांद्याआड गेली होती. मी काचेशी सरकले तर फाटकाचा खांब मध्ये. मला एक चाकसुद्धा दिसेना.

हे थांबले होते. मान पूर्ण डावीकडे वळवून पुन्हा उजवीकडे आणत होते. पुन्हा डावीकडे. मागे एका गाडीने भोंगा वाजवला.

"चला काका, रस्ता मोकळाच आहे," टायवाला म्हणाला.

हे हलले नाहीत. ते कशाची वाट बघत होते ते माझ्या ध्यानात आलं.

"अहो," मी म्हणाले, "मला इथून दिसत नाहीये."

"काय बघायचंय मावशी?" टायवाला मागे वळला.

यांनी वरच्या छोट्या आरशातून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग इंजिन बंद केलं आणि हँडब्रेक ओढला.

"मलाही नाही दिसत," हे म्हणाले. "माझा डावा डोळा गेलाय. वर्षभर हिच्या बोलण्यावर गाडी चालवतोय मी."

मागचा भोंगा वाजतच होता. टायवाल्याने खिडकीतून हात काढून त्या माणसाला मागे सरकायची खूण केली. पुढे तो एकही थट्टेचा शब्द बोलला नाही, हे त्याचं मी विसरणार नाही. "उतरा काका, मी घेतो मागे," एवढंच म्हणाला.

हे उतरले. पुढची डावी सीट रिकामी झाली होती, पण ते तिथे बसले नाहीत. मागचं दार उघडून माझ्या शेजारी येऊन बसले. दार लावताना त्यांना हँडल चटकन सापडेना. आतून मागचं दार लावायची वेळ त्यांच्यावर कधी आली होती?

टायवाल्याने गाडी हळूहळू मागे घेतली. अंगण ते केवढं. तेवढ्या अंतरात कुणीतरी आम्हाला गाडीत बसवून नेलं.

"सीट चांगली आहे," हे म्हणाले.

"मऊ आहे," मी म्हटलं.

काउंटरवरच्या मुलीने दुसरं कारण लिहिलं. "डॉक्टरांचं पत्र लागेल. डॉक्टरांकडे जाऊन आलात का?"

"दोनदा," हे म्हणाले. माझ्याकडे न बघता, त्या पेल्यातल्या फांदीकडे बघत. "उद्या पत्र आणतो."

बाईंना फोन तिथूनच केला. नंबर लावून फोन मीच त्यांच्या कानाशी धरला होता. बाईंचं सगळं मला ऐकू येत होतं.

"बाई, तुम्ही टॅक्सीने घरी जा. गाडी शोरूमच्या दारात उभी आहे, ती न्यायला कुणीतरी पाठवा. मला चालवता येणार नाही."

"का? काय झालं?"

"डावीकडचं दिसत नाही."

"आज?"

"वर्ष झालं."

पलीकडे कुणीतरी व्यायामाचे आकडे मोजत होतं, तेवढंच ऐकू आलं. मग बाई म्हणाल्या, "म्हणजे तो रेडिओ…"

"हो, बाई."

"अरे, मागे मी बसत होते."

"हो, बाई."

त्यांनी फोन ठेवला. खोलीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. आम्हीही विचारलं नाही. विचारायला तोंड तर हवं.

बाईंच्या गाडीला कुलूप लावून यांनी किल्ली त्या मुलीकडे दिली. पिवळं फडकं कुठे ठेवावं ते यांना कळेना. आधी गाडीच्या टपावर ठेवलं, मग पुन्हा खिशात घातलं. आम्ही चालायला लागलो. बसचा थांबा जवळ होता, पण दोघांपैकी कुणीच तिकडे वळलं नाही. मी यांच्या डाव्या बाजूला होते. वर्षभर बोलून बोलून घसा आतून सोलल्यासारखा झाला होता, आणि तो आज दुखायला लागला.

"गप्प का?" काही वेळाने हे म्हणाले.

"काय बोलू?"

"काहीही. डावीकडचं."

मी बघितलं. "दुकानं आहेत. एकाचं शटर अर्धं खाली आहे. पुढे खड्डा आहे, इकडे सरका." हे सरकले. "आता लाकडाची वखार आली."

"वास आला मला."

"तिच्यामागे एक खोली आहे. बघून आलेय मी."

त्यांची पावलं जरा मंदावली. "कधी?"

"दोनदा."

वखारीत कुणीतरी करवत चालवत होतं. तो आवाज मागे पडेपर्यंत आम्ही तसेच चालत राहिलो.

"खिडकी आहे का?" मग त्यांनी विचारलं.

"आहे एक."

"कुठल्या बाजूला?"

"तुम्ही तोंड कुठे करून बसाल," मी म्हटलं, "त्यावर आहे."