चाकामागचे लाकूड

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. मला पाहून तुम्ही सरपणच समजाल. आजवर पुष्कळांचा तसा समज झाला आहे. पण एके काळी माल भरलेली लॉरी माझ्या अंगावर टेकून उभी राहत असे.

मी जन्माने बाभूळ. केडगावच्या सूर्यभान सुताराने मला तासून तिकोनी केले. एक बाजू जमिनीला बसणारी, एक चाकाला भिडणारी. चढावर लॉरी थांबली की मागच्या चाकाला मला लावत. याला उटी लावणे म्हणतात. माझा मालक एलिया ड्रायव्हर. ब्रेकपेक्षा याच्यावर माझा भरवसा आहे, असे तो क्लीनरला सांगत असे. ऐकून मला अभिमान वाटे. पण लॉरीचा हातब्रेक पार झिजला आहे, हेही मला ठाऊक होते.

ते दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. पेट्रोल मिळत नसे. लॉरीच्या मागच्या अंगाला एक लोखंडी पिंप बसवले होते. त्यात कोळसा पेटवायचा आणि त्याच्या गॅसवर इंजिन चालवायचे. त्याने लॉरीचा जोर निम्मा होई. घाटात ती धापा टाकत थांबे, म्हणून क्लीनर मला खांद्यावर घेऊन मागून चालत असे.

एका हिवाळ्यात एलियाच्या बायकोला, मरियाला, संगमनेरपलीकडच्या अकोले गावाच्या पुढे डोंगरातल्या शाळेत नोकरी लागली. ती आधीच गेली होती. खाटा, भांडी, जाते, सारा संसार लॉरीत घालून एलिया निघाला. क्लीनर तापाने पडला होता. त्याच्या जागी मला उचलायला आली एलियाची मुलगी हन्ना. तिचे दुधाचे दात अजून पुरते पडले नव्हते.

संगमनेरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी आम्ही घाटाला लागलो. हन्ना मला पोटाशी धरून लॉरीमागे धावत होती. मी तिला जड होतो. लॉरी थांबली की ती मला चाकाखाली सारी आणि ओरडून बापाला सांगे. मगच तो ब्रेकवरचा पाय काढी.

एका वळणावर इंजिन बंद पडले. हन्नाने मला लावले. एलिया खाली उतरला, मागे आला, पिंपाचे झाकण उघडून वाकला आणि सळईने निखारे ढवळू लागला. तो गॅस वाईट. माणसाला सावध व्हायची सवडही देत नाही. सळई रस्त्यावर पडल्याचा आवाज झाला. मागोमाग एलिया कोसळला, नेमका चाकाच्या मागे, उताराच्या बाजूला.

हन्नाने त्याचे दोन्ही हात धरून ओढले. हात लांब झाले, माणूस हलला नाही. तिने हाका मारल्या. मग तिने माझ्याकडे पाहिले.

मित्रांनो, लाकडालाही भीती वाटते. चाकाचा सारा भार माझ्यावर होता. खाली बारीक खडी होती आणि ती हळूहळू सरकत होती. माझ्या अंगात एक जुनी चीर होती. ती आतून करकरली, ते फक्त मला ऐकू आले. मी फुटलो असतो तर माझ्यामागे फक्त एलियाच होता. हन्ना रस्त्यावर बसली आणि दोन्ही पाय माझ्या पाठीला लावून राहिली. तेवढ्या जोराने काय होणार? पण ती उठली नाही.

बऱ्याच वेळाने गवताचे भारे घेऊन दोघे घाट चढत आले. चांगुणा नावाची म्हातारी आणि तिचा मुलगा सहादेव.

"दिवसाढवळ्या प्यायलाय व्हय तुझा बाप?" चांगुणेने विचारले. हन्नाने जोराने मान हलवून नाही म्हटले. म्हातारीने वाकून एलियाचा वास घेतला आणि ठरवले की हे फेफरे. कांदा हुंगवायला हवा, डोके उंच करायला हवे. तिने मुलाला उशाला काहीतरी बघायला सांगितले.

सहादेवची नजर माझ्यावर पडली.

"ऱ्हाऊ दे की तिथं," म्हातारी म्हणाली. "मोटारीचं असंल काय तरी."

"मोटार मेलीया, आये. मेलेलं जनावर कुठं पळतं व्हय?" असे म्हणून त्याने माझ्यावर हात टाकला आणि हिसका दिला. मी हललो. वर चाक कुरकुरले.

हन्नाने त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला.

"आयाई गं! पोरगी हाय का मुंगूस?"

"तो काढला," हन्ना कशीबशी म्हणाली, "तर गाडी बाबांवर येईल."

सहादेवने चाकाकडे पाहिले, उताराकडे पाहिले, मग पडलेल्या माणसाकडे. त्याने हात अगदी सावकाश मागे घेतला. कडेचे दोन मोठे धोंडे आणून चाकांना लावले आणि एलियाला उचलून वाऱ्याच्या तोंडाला नेऊन ठेवले.

एलिया ओकला, मग त्याने डोळे उघडले. हन्ना मात्र माझ्यापाशीच बसून होती. धोंडे लावलेत, आता ऊठ, असे चांगुणेने दोनदा सांगूनही ती उठेना. शेवटी एलिया रांगत तिच्याजवळ आला, तिच्या शेजारी बसला आणि आपले पाय माझ्या पाठीला लावले.

"आता मी धरलंय," तो म्हणाला. "तू सोड."

मग ती रडली.

पुढे पेट्रोल आले. ती लॉरी भंगारात गेली. एलियाने मला घरी ठेवून घेतले. कधी मी दाराला लागलो, कधी रांजणाला. मग कशालाच नाही.

या हिवाळ्यात एलिया गेला. आवराआवर करायला चार माणसे आली आहेत. भली माणसे आहेत, थकेपर्यंत राबली. त्यांनी मला उचलून अंगणात जळणाच्या ढिगावर टाकले आहे. हन्ना आत आहे. ती बापाच्या कपड्यांच्या घड्या घालते आहे.

मित्रांनो, ज्या घरातले माणूस गेले आहे तिथे मदतीला जरूर जा. पण कोपऱ्यातले लाकूड उचलण्याआधी घरच्यांना एकदा विचारा. त्याच्यावर कशाचा भार आहे, ते बाहेरून दिसत नाही.