डोहासाठी खाणीत उतरलेली मोट

मित्रांनो, मी एक जुनी मोट आहे. आता विहिरीविहिरीवर इंजिने बसली, त्यामुळे तुमच्यापैकी कित्येकांनी मला कधी पाहिलेही नसेल. मी म्हणजे विहिरीतून पाणी काढायची कातड्याची भली मोठी पिशवी. मिरजगावच्या कानिफनाथने म्हशीच्या जाड कातड्यातून मला शिवले, खाली लांब सोंड जोडली आणि करंजाचे तेल पाजून उन्हात मऊ केले.

सूर्यभान आणि मनकर्णा या नवराबायकोच्या विहिरीवर माझे आयुष्य सुरू झाले. विहिरीच्या तळाशी गार अंधार असे आणि वर आभाळाचा गोल तुकडा. पाण्याला टेकले की मला डोळे मिटावेसे वाटत. तेवढ्यात बैल उतारावरून चालू लागत, दोर ताणला जाई आणि मी झोपेत चालल्यासारखी जड होऊन वर येई. सोंडेतून पाणी पाटात सोडताना वाटे, खालचे आभाळच मी ओतते आहे. येणारेजाणारे म्हणत, मोट असावी तर सूर्यभानच्या मोटेसारखी.

पुढे सूर्यभानने इंजिन घेतले. मला गोठ्यात खुंटीला टांगले. तेल लावायचे कुणाच्या ध्यानात राहिले नाही. माझे कातडे आखडत गेले आणि स्वप्नात मात्र मी रोज भिजत राहिले.

मग बहात्तर सालचा दुष्काळ आला. विहीर कोरडी पडली, बैल छावणीत गेले. ओढा आटला आणि जांभळीखालचा एक डोह तेवढा उरला. सगळी वस्ती त्याच्यावर जगत होती. ओढ्याच्या वरच्या अंगाला रस्त्याच्या खडीसाठी सरकारने खाण उघडली. वस्तीला काम मिळाले. पण खाण खोल गेली तशी खडकातून झरे फुटले. तिथे साचलेले पाणी इंजिन ओढ्यात फेकू लागले आणि दगडाची भुकटी डोहात उतरली. डोह राखेसारखा झाला. घागरींच्या तळाशी चिखल बसू लागला, लेकरांची पोटे दुखू लागली.

नगरहून साहेब आले. त्यांनी नवा कायदा समजावून सांगितला. खाणीचे पाणी आधी खड्ड्यात निवळू द्यायचे, मगच ओढ्यात सोडायचे. तसे झाले नाही तर खाण बंद करावी लागेल, असे बजावून ते गेले. मुकादम रंगनाथने लगेच मोठा खड्डा खणून घेतला. पण इंजिनाच्या जोराने खड्डा ढवळून निघे आणि गढूळ पाणी काठावरून तसेच ओढ्यात जाई.

त्या संध्याकाळी माझ्या खुंटीखाली नवराबायको बोलत बसले होते.

"खान बंद पडली तर खायाचं काय?" सूर्यभान म्हणाला.

"आन डोह गेला तर प्यायाचं काय?"

मग मनकर्णाची नजर माझ्याकडे वळली.

"इंजिन लई घाईचं हाय. हिनं सावकाश काढलं तर पानी निवळंल."

"बैल न्हाईत."

"मानसं हायेत की."

त्या दिवसांत केसांना लावायला तेल मिळत नव्हते. मनकर्णाने बाटलीच्या तळाचे होते नव्हते ते माझ्या अंगाला चोळले. माझी झोप त्या हाताने मोडली.

रंगनाथ आधी तयार होईना. दोर ओढायला माणसे लावली तर खडी कमी फुटणार होती. मजूरही कुरकुरले. मनकर्णाने कुणाशी वाद घातला नाही. तिने मला खाणीच्या काठावर नेले, माझा दोर खांद्यावर घेतला आणि ती उभी राहिली. थोड्या वेळाने सूर्यभान तिच्या मागे जाऊन उभा राहिला. मग एकेक जण आला. रंगनाथने स्वतः इंजिन बंद केले.

मी खाणीत उतरले. तिथेही गार अंधार होता आणि वर आभाळ होते. दोर ताणला गेला. या वेळी त्यात बैलांची चाल नव्हती, माणसांचा श्वास होता. मी हळूहळू वर आले, खड्ड्याच्या कडेला हलकेच रिती झाले. खड्डा हलला नाही. भुकटी खाली बसत गेली आणि वरचे नितळ पाणी काठावरून ओढ्याकडे निघाले.

काही दिवसांनी डोहाच्या तळाचे खडे दिसू लागले. साहेब पुन्हा आले, डोहाकाठी वाकून बराच वेळ पाहत राहिले आणि काम चालू राहू द्या म्हणाले.

खडकाच्या धारांनी माझे अंग सोलून निघत होते. रस्ता पुरा झाला त्या सुमारास माझे पोट उभे फाटले. सूर्यभानने चांगले कातडे कापून कानिफनाथकडे नेले. त्याने त्यातून मनकर्णासाठी वहाणा शिवल्या.

आता मी तिच्यासोबत रानोरान हिंडते. डोहाशी आली की ती मला काठावर काढून ठेवते आणि अनवाणी पाण्यात उतरते. मित्रांनो, मी जन्मभर पाण्यात उतरले, पण आता मला पाण्यात कुणी नेत नाही. मला त्याचे वाईट वाटत नाही. पायांची धूळ माझ्यापाशी राहते आणि पाणी नितळ राहते. तुम्ही कधी ओढ्याकाठी आलात, तर तुमचीही धूळ काठावरच ठेवा.